भारतीय रस्त्यांसाठी ‘इंटेलिजंट ट्रान्सपोर्ट’वर, म्हणजे कॅमेरे, जीपीएस आणि संगणक वापरून वाहतूक सुधारण्यावर, खरंच संशोधन होतं का? एम.टेक.ला हा विषय घ्यावा का?

होतं, आणि विषय जरूर घ्या. मी रस्तासुरक्षेच्या कामात आहे. माझ्या मते आधी नागपूरचा ‘आयरास्ते’ प्रकल्प नीट समजून घ्या.

त्याआधी एक प्रश्न: राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’, म्हणजे अपघातांची जागा, कसा ठरतो? सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात व्हावे लागतात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे माणसं गेल्यावर किंवा गंभीर जखमी झाल्यावरच ती जागा धोक्याची ठरते. मला हे कायम खटकत आलंय.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या आयरास्तेमध्ये इंटेल, आयआयआयटी हैदराबाद, सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था), महिंद्रा आणि नागपूर महापालिका एकत्र आले. ‘आपली बस’ या नागपूरच्या शहर बससेवेच्या गाड्यांत पुढच्या काचेमागे कॅमेरा बसवला. पुढची गाडी फार जवळ आली किंवा पादचारी आडवा आला की ड्रायव्हरला लगेच इशारा मिळतो. पण खरी गंमत पुढे आहे. इशारा कुठे मिळाला याचीही नोंद होते. एकाच वळणावर वेगवेगळ्या ड्रायव्हरांना सारखे इशारे मिळू लागले, तर सगळा दोष ड्रायव्हरवर ढकलता येत नाही. तिथे फांद्यांआड गेलेला फलक असेल, पुसलेले झेब्रा पट्टे असतील, नाहीतर दुभाजकात नको तिथे सोडलेली फट. अशा जागांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. तिथे अपघातांची रांग लागायच्या आत रस्ता दुरुस्त करता येतो.

अडचणीही आहेत, आणि तुमचा विषय त्यातच सापडेल. बस जिथे जात नाही, तिथलं काहीच कळत नाही. शिवाय आपल्या गर्दीत गाड्या एकमेकींना खेटूनच चालतात. मग खरा धोका कोणता आणि रोजची दाटी कोणती, हे वेगळं कसं काढायचं?

कॅमेऱ्यातल्या दृश्यांच्या ओळखीवर काम करायचं असेल तर आयआयआयटी हैदराबादचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ हा भारतीय रस्त्यांवरच्या चित्रांचा संग्रह बघा. त्यात १०,००४ चित्रं आहेत आणि चित्रांत दिसणाऱ्या गोष्टींचे ३४ वर्ग. रिक्षा आणि जनावरं यांना स्वतंत्र वर्ग दिलेत, ही मोठी सोय. बसच्या वेळापत्रकात रस असेल तर आयआयटी मद्रासचं काम वाचा: आधी गेलेल्या बसांच्या जीपीएस नोंदींवरून पुढची बस थांब्यावर कधी येईल, याचा अंदाज त्यांनी चेन्नईच्या रहदारीत बांधून पाहिलाय.

मी तुमच्या जागी असतो तर ग्रे स्पॉट घेतला असता. एखादा बसमार्ग निवडा, तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांना धोक्याच्या जागा विचारा आणि इशाऱ्यांच्या नोंदी मिळाल्या तर त्यांच्याशी ताडून बघा.