पेल्याच्या तळाचा पिवळा गाळ

प्रश्न : ताई, थंडी पडली की मी रोज अनशापोटी काढा घेते. आलं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद घालून पाणी निम्मं होईपर्यंत आटवते. ऊब वाटते, पण दहाच्या सुमारास छातीत जळजळ सुरू होते. काढ्याशिवाय हिवाळा निभेल का?

उत्तर : निभेल की! एका हिवाळ्यात घसा धरला म्हणून मी कपभर पाण्यात आठ-दहा लवंगा उकळल्या. घसा राहिला बाजूला, जीभच बधिर झाली. दुपारी भाजीत मीठ आहे की नाही तेही कळेना. हा लवंगेतल्या युजेनॉलचा प्रताप. दातांच्या दवाखान्यातला तो ओळखीचा वास त्याचाच. तेव्हापासून माझ्याकडचे मसाले जेवणाच्या पातेल्यातच जातात.

मिरी-आल्याची ऊब ही बरीचशी नुसती जाणीव असते. उष्णता ओळखणारे आपले चेतातंतू तिखटानेही जागे होतात. (मिरचीवरून हे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं.) म्हणजे मिरी दुप्पट केली तर ऊब दुप्पट होत नाही, जळजळ मात्र होते.

आता हळद. तुमच्या पेल्याच्या तळाशी पिवळा गाळ उरत असेल, बघा. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला तेल-तूप लागतं. म्हणून चमचाभर तूप मंद तापवा, दोन-तीन मिरे भरड ठेचून टाका, वास सुटला की आच बंद करून पाव चमचा हळद घाला. आच चालू ठेवलीत तर ती करपते नि कडू होते. हे लगेच डाळीच्या नाहीतर भोपळ्याच्या गरम सूपवर ओता. मिरीतलं पायपरिन हळद अंगी लागायला मदत करतं, तेव्हा ही जोडी तोडू नका.

सुंठ वापरत असाल तर चिमूटभरच. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं काही अंशी शोगॉल होतं, आणि ते जास्त तिखट. दालचिनी पातळ, अनेक पदरी सालीची घ्या; जाड सालीच्या प्रकारात कूमारिन जास्त असतं आणि ते रोज भरपूर पोटात जाणं यकृताला बरं नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं डॉक्टरांच्या कानावर घाला. काढा सोडूनही दोन आठवड्यांत जळजळ थांबली नाही तरीही त्यांच्याकडेच जा.

सकाळी हातात कप नसला की करमत नाही, हेही मी समजू शकते. मग आल्याची एकच पातळ चकती टाकलेलं गरम पाणी घ्या, पण आधी दोन घास खाऊन.