त्रिशूरच्या टपरीवर मागून आलेला आवाज

प्रश्न आहे : घरापासून लांब, ध्यानीमनी नसताना ओळखीचं कुणी भेटलंय का? आणि मग काय झालं?

भेटलंय, खूपदा. पण मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, विट्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्याकडच्या माणसाला परगावी गाववाला भेटला तर त्याचं फार नवल वाटत नाही, कारण निम्मं गाव बाहेरच असतं. धंदा गलाईचा. जुनं सोनं-चांदी गाळायची, टंच काढायचा, म्हणजे त्यात शुद्ध सोनं किती ते तपासायचं, आणि शुद्ध करून द्यायचं. खानापूर-आटपाडी हा पहिल्यापासून दुष्काळी मुलूख. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या एकट्या भावकीतली चार घरं बाहेर पडली. कुणी मदुराईत, कुणी कोलकात्यात, कुणी उत्तर प्रदेशात. यात्रेला गावात गाड्या लागतात तेव्हा नंबरप्लेटी वाचत फिरलं तरी भूगोलाची उजळणी होते.

त्यामुळं परमुलखात अडचण आली तर आमच्याकडं एक सोपा उपाय आहे. सराफ बाजार शोधायचा, त्यातली सगळ्यात अरुंद गल्ली शोधायची, जिथून तेजाबाचा वास येतो तिथला जिना चढायचा आणि विचारायचं, "कुठलं गाव, पावणं?" माझं कधी वाया गेलेलं नाही.

तिरुपतीचं तर सोडूनच द्या. कोल्हापूरहून हरिप्रिया एक्स्प्रेसमध्ये बसलं की मिरजेपर्यंत डब्यात तीन तरी ओळखी निघतात. एकदा वर तिरुमलाला रांगेत एक गृहस्थ सारखे माझ्याकडं बघत होते. गुळगुळीत डोकं, कपाळाला गंध, गळ्यात पंचा. मी दोनदा मान फिरवली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "नववी ब. भूमितीत नापास." आमचे हेडमास्तर! केस दिल्यावर माणूस इतका बदलतो हे तेव्हा कळलं. माझंही डोकं भादरलेलं होतं, तरी त्यांनी ओळखलं. आता मास्तरांना मुलांची डोकी मागून-पुढून पाठच असतात म्हणा.

पण तुम्ही 'ध्यानीमनी नसताना' म्हणताय, म्हणून केरळातल्या त्रिशूरचं सांगतो.

२०२२ चा जून. मी पुण्यात एका कंपनीत पॅकिंग मशीन दुरुस्तीच्या कामाला आहे. त्रिशूरजवळच्या एका कारखान्यातलं मशीन बंद पडलं म्हणून पनवेलहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडून गेलो. दोन दिवसांचं काम चार दिवस चाललं. पाऊस असा की छत्री उघडायचा कंटाळा यावा. तिथला जाड लाल भात मला खाली उतरत नव्हता, आणि नारळाच्या तेलातली भाजी समोर आली की भूकच जायची. (आता आवडते. तेव्हा नव्हती आवडत.)

त्रिशूरच्या मधोमध एक टेकाड आहे, त्यावर वडक्कुन्नाथन मंदिर, भोवती मैदान आणि त्याला गोल फेरी घालणारा रस्ता, स्वराज राउंड. संध्याकाळी तिथल्याच एका टपरीवर उभा होतो. एका हातात चहा, दुसऱ्या हातात पळंपोरी, म्हणजे पिकलेल्या केळ्याची भजी. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. पलीकडं आई.

"जेवलास का?"

"व्हय, आत्ताच. भात, आमटी, भाजी, समदं हाय हितं."

परमुलखात आपली भाषा कुणाला कळत नाही म्हणून आपण किती मोठ्यानं आणि किती बिनधास्त बोलतो बघा. मी तर टपरीवाल्याच्या चहालाही दोन शब्द ऐकवून झालो होतो.

मागून आवाज आला, "खोटं बोलतोय, वैनी. केळ्याच्या भज्यावर हाय गडी."

मी वळलो. पांढरं मुंडू, निळा शर्ट, पायात रबरी चप्पल, कुणीही मल्याळीच म्हणेल. तोंड मात्र तात्यांचं.

तात्या म्हणजे आमच्या भावकीतले, माझे चुलत चुलते. आणि त्यांच्याशी आमच्या घराचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण बांध. आमचं आणि त्यांचं रान शेजारी-शेजारी. माळरान होतं तोवर बांध कुठं सुरू होतो नि कुठं संपतो हे कुणी विचारत नव्हतं. टेंभू योजनेचं पाणी येणार अशी चाहूल लागली आणि त्या दीड हाताच्या पट्टीला एकाएकी भाव आला. मोजणी झाली, खुणेचे दगड एका रात्रीत हलले (कुणी हलवले यावर अजून दोन मतं आहेत), वडील आणि तात्या चावडीत एकमेकांच्या अंगावर गेले. तेव्हापासून लग्नाची पत्रिकासुद्धा बंद. त्यांची गलाई कुठंतरी केरळात आहे एवढं माहीत होतं. केरळात कुठं, ते विचारायचं कुणाला?

तर ते तोंडातून निसटलं आणि तात्या स्वतःच दचकले. मी दचकलो. टपरीवाला तेवढा आपला चहा उंचावरून ओतत राहिला. फोनमधून आई, "कोण रं त्यो?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो, "हाटेलात हाय कुणीतरी." आणि फोन ठेवला.

थोडा वेळ आम्ही दोघंही पाऊस बघत उभे. मग तात्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले आणि न बघताच म्हणाले, "भाकरी हाय खोलीवर."

खोली हायरोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली सोन्याची झगमग दुकानं, वर ही आठ बाय बाराची जागा. एका कोपऱ्यात भट्टी, शेजारी मुशी, म्हणजे धातू वितळवायची भांडी, एकात एक ठेवलेल्या, खिडकीला धूर बाहेर काढणारा पंखा. भिंतीवर मल्याळी कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी खरसुंडीच्या सिद्धनाथाचा फोटो, काचेवर गुलाल. दोन पोरं कामाला, दोन्ही आटपाडीकडची. ज्वारीचं पीठ गावाकडनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर येतं, ते संपलं की पुढचा माणूस येईपर्यंत भात.

जेवण होईपर्यंत आम्ही बोललो ते फक्त कामाचं. बोलायला दुसरं काही सुरक्षित नव्हतंच. त्यांनी मला सोनं कसं गाळतात ते दाखवलं. जुन्या दागिन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून आधी वितळवायचं, मग ते नायट्रिक ॲसिडमध्ये सोडायचं. तांबूस-पिवळा धूर निघतो, घसा खरवडतो. चांदी आणि तांबं विरघळून जातं आणि तळाशी सोनं उरतं. मला वाटलं होतं चकाकेल. कसलं काय, ओल्या चहाच्या चोथ्यासारखी तपकिरी भुकटी. पुन्हा मुशीत घालून वितळवली की मग ते सोनं दिसतं. उरलेल्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकून ठेवली की चांदीही हळूहळू खाली बसते. काही टाकायचं नाही. सोनाराच्या दुकानातला केर, हात धुतलेलं पाणी, पायपुसणं जाळून राहिलेली राखसुद्धा गाळायला येते.

"वाया काय जात न्हाई," तात्या म्हणाले. मी मनात म्हटलं, हा माणूस दीड हात जमीन सोडेल कसा! आमचे वडीलही सोडणारे नव्हते, ते वेगळं.

निघताना त्यांनी केळ्याचे वेफर्स आणि खोबरेल तेलाचा डबा हातात दिला. म्हणाले, "बाजारातनं घेतलंय म्हणून सांग." एवढंच. बांधाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. वडिलांची चौकशी त्यांनी केली नाही. पण 'विहिरीवरची मोटर कितीची बसवली?' असं विचारलं, आणि ती विहीर आमची एकट्याची आहे.

घरी आल्यावर डबा आईपुढं ठेवला, बाजारातनं घेतला म्हणून सांगितलं. तिनं झाकण उघडून वास घेतला, पुन्हा घट्ट लावलं. वडील अंगणात गेल्यावर हळूच म्हणाली, "गुडघं दुखत्यात का रं अजून त्याचं?"

म्हणजे फोनवरच्या एका वाक्यात तिनं आवाज ओळखला होता.

यातून भांडण मिटलं असं वाटत असेल तर तसं काही नाही. दावा अजून चालू आहे, तारखा पडतात. पुढच्या वर्षी यात्रेला तात्या आले. चौकात दोन्ही घरची माणसं समोरासमोर, माझ्या शेजारी वडील, त्यांच्या शेजारी त्यांचे दोन मुलगे. मी मान खाली घातली. ते बाजूनं गेले, जाता-जाता थांबल्यासारखं केलं, चप्पल नीट केल्याचं निमित्त.

"चाया कुडिच्चो?"

चहा झाला का, एवढाच त्याचा अर्थ. त्रिशूरच्या चार दिवसांत मला आलेलं एकुलतं एक मल्याळी वाक्य ते.

"कुडिच्चु," मी म्हणालो.

वडिलांनी विचारलं, "काय म्हणाला रं त्यो?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं, "तिकडचं कायतरी."