फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त राहून गेलं, आता काय?

कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, झालं, फादरांनी पापक्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना सांगितल्या आणि नेमक्या त्याच म्हणायच्या राहून गेल्या. मग मिळालेली क्षमा टिकते की रद्द होते? नाशिकरोड, जेलरोड, शरणपूर भागातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी कॅथलिक मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात, तेही बहुतेक वेळा दारात चपला घालता घालता, 'मॅडम, एक लहानसं होतं' अशी सुरुवात करून.

उत्तर खरोखरच लहान आहे. क्षमा रद्द होत नाही. विसरणं हे पाप नाही. आठवलं की ते प्रायश्चित्त करून टाकावं. काय सांगितलं होतं तेच आठवत नसेल, तर आपल्या मनाने योग्य वाटेल अशी प्रार्थना करावी आणि पुढच्या कन्फेशनला फादरांच्या कानावर घालावं. वाटलं तर ते दुसरं देतील. पुन्हा सगळी पापं पहिल्यापासून सांगत बसायची गरज नाही. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारून सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या, माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, लहानपणी हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आईचं बोट धरून फिरलेल्या. यजमान नोट प्रेसमधून निवृत्त. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपत आला होता, झावळ्यांच्या रविवारच्या आधीची संध्याकाळ. कन्फेशन ऐकायला बाहेरगावचेही फादर आले होते, रांगा लागल्या होत्या. ताईंचं कन्फेशन झालं. प्रायश्चित्त म्हणायला बाकापाशी येऊन गुडघे टेकणार, तोच पर्समधला फोन थरथरला. आई मोरीत घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ताई तशाच उठल्या, घरी जाऊन पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि श्रीरामपूरची गाडी धरली. पुढे ऑपरेशन, वॉकर, आईला नाशिकला आणणं. ईस्टर कधी आला नि गेला, कळलंही नाही.

पावसाळ्यात एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, चालू असताना एकदम डोक्यात आलं: ते प्रायश्चित्त आपण केलं का? पाठोपाठ दुसरं: काय होतं ते? तीन 'नमो मरिया' की अख्खी रोझरी, म्हणजे त्याच प्रार्थनेची जपमाळ? आणि मग तिसरं, ज्याने झोप उडाली: ईस्टरपासून आपण दर रविवारी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेत आलो, तो कुठल्या तोंडाने घेतला?

त्या रात्री खबरदारी म्हणून त्यांनी पूर्ण रोझरी म्हटली. तिसऱ्या दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या तिसऱ्या गटात, मन भरकटलं, म्हणून ते दशक पुन्हा. मग वाटलं, फादरांनी कदाचित स्तोत्र सांगितलं असेल, म्हणून एक्कावन्नावं स्तोत्र. शुक्रवारी क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा पर्समधून त्यांनी नातवाची अर्धी वापरलेली दोनशे पानी वही काढली. मागच्या बाजूने सुरुवात केली होती. प्रत्येक पानावर तारीख आणि रोझरीच्या पाच दशकांचे पाच चौकोन. लक्ष देऊन म्हटलेल्या दशकाला टिक, भरकटलेल्या दशकाला फुली. एका पानावर फुल्यांवर फुल्या गिरवून कागद फाटला होता आणि खाली बारीक अक्षरात 'पहाटे ३.१०' लिहिलं होतं. यजमान शेजारीच बसले होते. म्हणाले, "मॅडम, मी जन्मभर नोटा मोजल्या. एवढं परत परत नाही मोजलं कधी." ताई हसल्या नाहीत.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत जाणं त्यांनी बंद केलं होतं. शेवटच्या बाकावर बसायचं आणि रांग सुरू झाली की गुडघे दुखतात म्हणून डोकं खाली घालायचं. सुनेच्या ते लक्षात आलं, म्हणूनच त्या माझ्यापर्यंत पोचल्या.

पहिल्या भेटीत ताईंनी मला एक काम सांगितलं: त्या बाहेरगावच्या फादरांचा नंबर मिळवायचा आणि त्यांना विचारायचं की त्या संध्याकाळी राखाडी साडीतल्या बाईला काय प्रायश्चित्त दिलं होतं. मी नाही म्हटलं. अशा दिवसांत एका संध्याकाळी किती माणसं येऊन जातात, हा भाग वेगळाच. मुळात कन्फेशनची गुप्तता अभेद्य असते. १९८३ च्या धर्मविधी-संहितेतलं, म्हणजे चर्चच्या कायद्यातलं, ९८३ वं कलम तेच सांगतं आणि ते मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चमधली अतिशय कडक शिक्षा होते. फादर मला अवाक्षर सांगू शकले नसते. ताईंना हे माहीत होतं. तरी विचारलं, कारण त्यांना खात्री हवी होती आणि खात्री मिळवण्याचा एकही रस्ता सोडायचा नव्हता.

मी ख्रिस्ती नाही. धर्माचा निवाडा देण्याची जागा माझी नव्हे, हे मी पहिल्या दिवशीच सांगते. पण समोरच्या माणसाचा धर्म काय म्हणतो याचा अंदाज समुपदेशकाला नसेल, तर 'तुम्ही उगाच मनाला लावून घेता' यापलीकडे काही बोलता येत नाही, आणि ते वाक्य कुणाच्याही उपयोगाचं नाही. म्हणून कॅथलिक शिकवण मी समजून घेतली. तिच्यात ताईंची भीती कुठून आली तेही सापडलं.

सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त जाहीरपणे करावं लागे, कधी वर्षानुवर्षं, आणि ते संपल्यावरच माणूस पुन्हा ख्रिस्तप्रसादाला येई. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खाजगी, पुन्हा पुन्हा करता येणारं पापनिवेदन युरोपभर नेलं आणि पहिलं सहस्रक सरता सरता क्रम उलटला: आधी क्षमा, मग प्रायश्चित्त. आज तसंच चालतं. ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये पश्चात्ताप, निवेदन आणि प्रायश्चित्त ही पापी माणसाची तीन कृत्यं म्हणून मांडली, म्हणजे प्रायश्चित्त ऐच्छिक नाही. कलम ९८१ म्हणतं की फादरांनी पापांचा प्रकार आणि संख्या पाहून योग्य ते प्रायश्चित्त द्यावं आणि ते त्या माणसाने स्वतः करावं. (यजमानांनी एकदा वैतागून 'तुझ्या वाटचं मी म्हणतो, तू झोप' असं सुचवलं होतं, ते इथेच बाद झालं.) मात्र क्षमा त्या प्रार्थनांवर अडकून राहत नाही. प्रायश्चित्त करायची मनापासून तयारी असलेल्या माणसाला फादर क्षमेचे शब्द उच्चारतात, तेव्हा ती मिळालेली असते. जाणूनबुजून टाळलं तर गोष्ट वेगळी. आईच्या मोडलेल्या हाडाकडे धावताना राहून गेलं, याला कुणी टाळणं म्हणत नाही.

ताईंच्या आजीने मात्र त्यांना लहानपणी बजावलं होतं, प्रायश्चित्त पुरं झाल्याशिवाय प्रसाद घ्यायचा नाही. आजी काही शतकं मागे होती, एवढंच.

शेजारच्या बाईंनी आपल्या परीने समजूत घातली होती: "अहो, आमचा सप्तशृंगीचा नवस सात वर्षं राहिला होता. गडावर जाऊन फेडला, झालं. देवी काय वसुलीला येते का?" नाशिकमध्ये माझ्याकडे असे बरेच येतात. कुणाचा गडावरचा नवस राहिलेला, कुणाचा त्र्यंबकेश्वरचा विधी, कुणाचे आजारपणात सुटलेले रोजे. भीतीची चव सगळ्यांची सारखी. तरी शेजारीणबाईंचं म्हणणं ताईंना लागू पडलं नाही, आणि त्याला कारण होतं. नवसात आधी मागणं असतं आणि ते पुरं झालं की देणं. ताईंनी काही मागून बोली केली नव्हती. क्षमा आधीच पदरात पडली होती. पण मनातल्या मनात त्यांनी प्रायश्चित्ताचा नवस करून टाकला होता: फेडलं नाही तर दिलेलं काढून घेतील.

हे सगळं ताईंना मी सांगायच्या आधीच फादरांनी सांगितलं होतं. एका नव्हे, अनेक फादरांनी. आपल्या चर्चमध्ये एकदा. मग कुणी ओळखू नये म्हणून त्र्यंबक नाक्याच्या होली क्रॉसमध्ये. मग नाशिकरोडच्या बाळ येशूच्या देवालयात. प्रत्येकाने थोड्याफार फरकाने तेच उत्तर दिलं. होली क्रॉसहून परतताना ताईंना इतकं हलकं वाटलं होतं की बसमध्ये त्या गुणगुणत होत्या. द्वारका येईपर्यंत नवी शंका हजर: आपण फादरांना नीट सांगितलं का? 'विसरले' म्हणालो, पण 'कदाचित मुद्दाम टाळलं असेल' हे सांगायचं राहिलंच की.

इथे माझं काम सुरू होतं. उत्तर बरोबर आहे, माणसाला पटलेलंही आहे, तरी ते दोन तास टिकत नाही, तेव्हा आणखी एक बरोबर उत्तर देऊन काही होत नाही. उलट प्रत्येक दिलाशाबरोबर मन शिकतं की शंका आली की विचारायचं, आणि शंकांचा धंदा वाढतो. याला साध्या मराठीत मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर ओसीडी म्हणतात, आणि तो धर्माच्या अंगाने आला की श्रद्धेचं सोंग घेऊन येतो. म्हणून घरच्यांनाही लवकर कळत नाही. उलट कौतुक होतं, किती भक्ती आहे म्हणून.

चर्चला हा आजार नवा नाही. लोयोलाचे संत इग्नाशियस १५२२ मध्ये मानरेसाला असताना याच कचाट्यात सापडले होते. सविस्तर लेखी कन्फेशन करूनही काहीतरी राहिलं असं वाटायचं, पुन्हा कन्फेशन, पुन्हा तीच टोचणी, इतकी की जीव द्यावासा वाटे. शेवटी जुनी पापं पुन्हा सांगायची नाहीत असं त्यांनी ठरवलं. बाळ येशूचं देवालय चालवणारे फादर त्यांच्याच येशूसंघाचे, म्हणून ही हकीकत ताईंना ऐकून माहीत होती. ती आपल्याला लागू आहे, हे सुचलं नव्हतं. अल्फान्सो लिगोरी हे दुसरे संत. त्यांनाही असल्या शंकांनी जन्मभर छळलं, आणि १९५० मध्ये चर्चने त्यांनाच कन्फेशन ऐकणाऱ्यांचे आश्रयदाते ठरवलं. अशा माणसाने एकच फादर धरावा आणि त्यांचं ऐकावं, ही चर्चमधली जुनी रीत आहे.

आम्ही तेच धरलं. ताईंनी आपल्याच चर्चच्या फादरांची वेळ घेतली, आजाराचं नाव सांगितलं, वही दाखवली. फादरांनी वही चाळली आणि सांगितलं: एक्कावन्नावं स्तोत्र एकदा, आज, इथेच, मन भरकटलं तरी एकदाच. रविवारी रांगेत यायचं. या विषयावर दुसऱ्या कुठल्या फादरांकडे जायचं नाही, खुद्द त्यांच्याकडेही तो पुन्हा काढायचा नाही. ताईंनी घाबरत विचारलं, "आणि चुकलं तर?" "तर ती जबाबदारी माझी," फादर म्हणाले. मला ते उत्तर फार आवडलं. मी देऊ शकले नसते.

माझ्याकडचा भाग रटाळ होता, थोडक्यात सांगते. मुद्दाम एक 'नमो मरिया' अर्धवट लक्ष देऊन म्हणायची, रस्त्यावरचे हॉर्न ऐकत, आणि पुन्हा म्हणायची नाही. अस्वस्थता शंभरपैकी किती, ते सांगत बसून राहायचं. सुरुवातीला नव्वद. काही न करता ती आपोआप उतरते, हे शरीराला कळायला हवं. सांगून कळत नाही. वही यजमानांनी ताब्यात घेतली. त्यांच्यासाठी वेगळा गृहपाठ होता: 'झालं गं तुझं, देवाने माफ केलं' हे रोज वीसदा म्हणणं बंद. त्याऐवजी, 'याचं उत्तर मी देणार नाही, चल चहा करू.' यजमानांना हे ताईंपेक्षा अवघड गेलं. बायको रडत असताना गप्प बसणं त्यांना क्रूर वाटायचं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्याही सुरू केल्या. झोप परत आली तेव्हा बाकीचं सोपं झालं.

ताई आता प्रसादाच्या रांगेत जातात. शंका संपलेल्या नाहीत. अधूनमधून फोनवर 'मॅडम, फक्त एकच' असं म्हणतात आणि मी बोलायच्या आधी स्वतःच 'बरं, राहू द्या' म्हणून ठेवतात.

तुमचं नुसतंच राहून गेलं असेल, तर वरच्या दुसऱ्या परिच्छेदाइतकंच पुरे. पण तोच प्रश्न तिसऱ्या-चौथ्या माणसाला विचारून झाला असेल, प्रार्थना पुन्हा पुन्हा कराव्या लागत असतील, त्यापायी झोप, स्वयंपाक, नोकरी अडत असेल, तर फादरांबरोबर डॉक्टरही गाठा. बाहेर पडायचा धीर होत नसेल, तर सरकारच्या टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर फुकट आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक, वयस्कर मंडळींसाठी. फादर काय म्हणाले ते ऐकूच आलं नाही, पण मागे रांग होती म्हणून मान डोलावून उठलो, असं सांगणारे आजोबा मला नेहमी भेटतात. तिथेच 'फादर, परत सांगा' म्हणावं. सांगितलेलं झेपणारं नसेल, गुडघे टेकता येत नसतील, वाचता येत नसेल, तर तेही तिथेच बोलावं. फादर ते बदलून देऊ शकतात.