जिओथर्मल एसीचे डक्ट चुकले : फॉल्स सीलिंग फोडण्याआधी हे करा

प्रश्न : सोलापुरात विजापूर रोडला आमचा बंगला आहे. तळमजल्यासाठी पुण्याच्या एका कंत्राटदाराकडून जिओथर्मल एसी (घरातली उष्णता बोअरमधून जमिनीत सोडणारा) बसवून घेतला. दहा टनाचे मशीन, अंगणात २०० फुटांचे आठ बोअर आणि सगळ्या खोल्यांना डक्टिंग (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या), असे एकाच कोटेशनमध्ये ३१ लाखांचे काम होते. २७ लाख ९० हजार दिले आहेत. त्यातले ४ लाख रोख दिले, त्यांची पावती नाही. एप्रिल २०२५ मध्ये ताबा मिळाला. मागच्या दोन बेडरूममध्ये हवाच पोचत नाही, हॉलमध्ये ग्रिलचा (हवा येते त्या जाळीचा) आवाज सहन होत नाही आणि पावसाळ्यात सीलिंगवर ओल्याचे डाग पडले. ड्रॉइंगमध्ये मुख्य डक्ट ९०० बाय ४५० मिलिमीटर आहे, मोजला तर ६०० बाय ३०० भरला. कंत्राटदार म्हणतो, डक्ट स्थानिक माणसाने केले, त्याच्याशी बोला. तो स्थानिक माणूस मशीनला दोष देतो. उरलेले ३ लाख १० हजार दिल्याशिवाय सर्व्हिस देणार नाही, अशी धमकी आहे. करारात लवादाची आणि पुणे न्यायालयाची अट आहे. एका खोलीत सुनेचे दाताचे क्लिनिक चालते. सीलिंग फोडून दुसऱ्याकडून काम करून घ्यावे का? पोलिसांत जावे का?

उत्तर : सीलिंग आत्ता फोडू नका. तुमची बाजू भक्कम आहे, पण तिचा पुरावा त्या सीलिंगच्या आत आहे. दुसऱ्या माणसाने जुने डक्ट उतरवून भंगारात घातले की ग्राहक आयोगासमोर तुमच्या हातात फक्त तुमचे म्हणणे उरेल. ग्राहक प्रकरणे अशीच हातची जातात.

आधी दोष कुठे आहे हे आकड्यांत नक्की करा. एका चार्टर्ड इंजिनिअरला बोलवा. त्याचा कंत्राटदाराशी किंवा होणाऱ्या नव्या कामाशी संबंध नसावा. दहा टनाच्या मशीनला टनामागे सुमारे ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे एकूण ४,००० सीएफएम हवा लागते. ९०० बाय ४५० च्या डक्टचे तोंड साधारण साडेचार चौरस फुटांचे, म्हणून हवा मिनिटाला ९०० फुटांच्या आसपास वेगाने जाते. घरासाठी हे ठीक आहे. ६०० बाय ३०० चे तोंड जेमतेम दोन चौरस फुटांचे. तेवढीच हवा त्यातून न्यायची तर वेग २,००० फुटांवर जातो. आवाज त्यामुळेच येतो. पंख्याला एवढा रेटा झेपत नाही, म्हणून टोकाच्या खोल्या उपाशी राहतात. परतीच्या हवेची ग्रिलही मोजा. २ बाय २ फुटांची एकच ग्रिल असेल तर ४,००० सीएफएमला ती फार अपुरी आहे, जवळपास १० चौरस फूट हवेत. प्रत्येक फांदीवर (मुख्य डक्टमधून निघणाऱ्या उपडक्टवर) डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, आहे का आणि टोकाला चार-पाच मीटरचा चुरगळलेला फ्लेक्सिबल पाइप जोडलाय का, हेही लिहून घ्या.

मशीनचा दोष की डक्टचा, हे ठरवणारी दोन मापे अहवालात असलीच पाहिजेत. पहिले माप मशीनमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. तो साधारण ९ ते १२ अंश असतो. हवा कमी वाहत असेल तर फरक १४-१५ अंशांवर जातो, कधी कॉइलवर बर्फही धरतो. दुसरे माप बोअरकडून येणाऱ्या आणि बोअरकडे जाणाऱ्या पाण्याच्या तापमानातला फरक. पाण्याचा प्रवाह नेमका असेल तर तो ५ ते ६ अंश असतो. पाण्याचा फरक बरोबर, हवेचा फरक जास्त आणि ग्रिलवरची एकूण हवा कमी, अशी मापे आली तर मशीन आणि बोअर निर्दोष ठरतात, दोष डक्टच्या गळ्यात येतो. हवेचा फरकही कमी आला, तर मात्र मशीन किंवा बोअरची बाजू तपासावी लागेल आणि तक्रारीचा रोख बदलेल.

तपासणीच्या किमान सात दिवस आधी कंत्राटदार आणि डक्टवाला, दोघांनाही स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलवर तारीख-वेळ कळवा. आले नाहीत तरी चालेल, पण नंतर ‘आमच्या माघारी मोजले’ म्हणायला त्यांना जागा राहत नाही. सीलिंग फक्त दोन ठिकाणी उघडा, मशीनजवळ आणि पहिल्या फांदीपाशी. ओल्याचा डाग असेल तिथे इन्सुलेशनचे सांधे टेपने बंद आहेत का पाहा. सांधा उघडा असला की पावसाळ्यातली दमट हवा थंड पत्र्याला लागते आणि पाणी ठिबकते. दोन शेजाऱ्यांच्या सह्यांनी पंचनामा करा, न थांबता व्हिडिओ काढा. पत्र्याचा फूटभर तुकडा कापून, त्यावर सह्या करून पाकिटात सील करा. मायक्रोमीटरने जाडी मोजली की कळेल, २४ गेज म्हणजे ०.६३ मिलिमीटर, २६ गेज म्हणजे ०.५०. कोटेशनमध्ये २४ लिहून २६ लावला असेल, तर ती वेगळी त्रुटी.

बिलही तपासा, कारण डक्टचे पैसे पत्र्याच्या क्षेत्रफळावर लागतात. ९०० बाय ४५० ला मीटरमागे २.७ चौरस मीटर पत्रा लागतो, ६०० बाय ३०० ला १.८. मुख्य डक्ट १४ मीटर असेल आणि बिल ड्रॉइंगप्रमाणे लावले असेल, तर ३७.८ ऐवजी २५.२ चौरस मीटरच पत्रा बसवला आहे. न लावलेल्या १२.६ चौरस मीटरचे पैसे तुम्ही भरलेत. आयोगाला ही बाब चटकन पटते.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(११) नुसार करारात ठरलेल्या कामाच्या दर्जात किंवा पद्धतीत उणीव असणे ही सेवेतील त्रुटी आहे. डिझाइन, मशीन, बोअर आणि डक्ट एकाच कोटेशनमध्ये असतील तर मुख्य कंत्राटदार ‘डक्ट माझे नाही’ म्हणून सुटत नाही. पोटकंत्राटदार त्याने नेमला, तुम्ही नाही. तरीही सामनेवाले क्र. १ पुण्याचा कंत्राटदार आणि क्र. २ डक्टवाला, असे दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याचा खेळ एकाच टेबलावर संपेल. मशीनच्या कंपनीला आत्ता ओढू नका. मापांवरून गरज दिसली तरच.

पुण्याच्या अटीला घाबरू नका. कलम ३४ तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करण्याचा हक्क देते, आणि कामही सोलापुरातच झाले आहे. लवादाची अट असली तरी ग्राहक आयोगाची वाट बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केले. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्याने प्रकरण सोलापूर जिल्हा आयोगाचे, शुल्क १,००० रुपये. तक्रार ऑनलाइनही दाखल होते.

खरा आक्षेप क्लिनिकवरून येईल. व्यावसायिक हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. मात्र कसोटी मुख्य हेतूची असते. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्ट प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने तीच लावली. तळमजल्याचा नकाशा जोडून क्लिनिकची खोली किती चौरस फुटांची आणि बाकी घर किती, हे तक्रारीतच मांडा. लपवलेत आणि समोरच्याने फोटो दाखवला, तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही आयोगाचा विश्वास उरणार नाही.

मुदत दोन वर्षांची (कलम ६९). धोका न पत्करता ताब्याच्या तारखेपासून मोजा, म्हणजे एप्रिल २०२७ च्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. ‘बघतो, माणूस पाठवतो’ अशा मेसेजेसनी मुदत वाढत नाही. ते मेसेज पुरावा म्हणून मात्र फार मोलाचे आहेत. फोन बदलू नका, प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे) प्रमाणपत्र जोडा.

रोख दिलेल्या ४ लाखांबद्दल खरे तेच लिहा. बँकेतून काढल्याची नोंद, त्या दिवसांतले मेसेज, कंत्राटदाराने ‘मिळाले’ म्हटले असेल तर ते जोडा. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्यावर पडतो. पण ही रक्कम सिद्ध झाली नाही, तरी बँकेमार्फत गेलेल्या २३ लाख ९० हजारांवर तुमची तक्रार उभी राहते.

अहवाल हातात आला की पंधरा दिवसांची वकिलामार्फत नोटीस द्या : ड्रॉइंगप्रमाणे डक्ट बदला, नाहीतर आम्ही दुसऱ्याकडून करून खर्च वसूल करू. उन्हाळा ४२-४३ अंशांचा असताना निकालापर्यंत तुम्ही उकाड्यात बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. करार कायद्याच्या कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान टाळण्याचे जे उपाय हाताशी होते तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात. म्हणून नोटिशीची मुदत संपल्यावर दोन ठिकाणचे लेखी अंदाजपत्रक घेऊन दुरुस्ती करा. मागणीत डक्ट बदलण्याचा खर्च, सीलिंग-रंगाचा खर्च आणि मानसिक त्रासाची वाजवी रक्कम धरा. महावितरणची बिले जोडा, पण वाढीव युनिटचा हिशेब इंजिनिअरने मांडला तरच ती रक्कम मागा.

पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनची बदनियत दाखवावी लागते. काम निकृष्ट झाले एवढ्यावर ती दिसत नाही.

उरलेले ३ लाख १० हजार म्हणजे बरोबर दहा टक्के. कोटेशन पाहा. शेवटचा हप्ता बहुतेक वेळा ‘चाचणी व हवेचे संतुलन’ झाल्यावर देय असतो. प्रत्येक ग्रिलच्या सीएफएमचा अहवाल तुम्हाला मिळाला नसेल आणि अट तशीच असेल, तर हप्ता अजून देय झालेला नाही, असे कंत्राटदाराला लेखी कळवा. पैसे बाजूला ठेवा. तक्रारीतच, आयोगाने सांगितल्यास ते आयोगात जमा करायची तयारी लिहा आणि वॉरंटीची सर्व्हिस बंद करू नये म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज सोबत द्या.