१४२८५७ या संख्येत एवढं विशेष काय आहे?

तुम्ही विचारलंय की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या त्या मेसेजमध्ये, म्हणजे १४२८५७ हा जादूचा आकडा पिरॅमिडमध्ये सापडला वगैरे, त्यात तथ्य किती. गुणाकाराचा भाग शंभर टक्के खरा आहे, स्वतःच करून बघा ना. दोनने गुणलं की २८५७१४, तीनने ४२८५७१, चारने ५७१४२८, पाचने ७१४२८५, सहाने ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणून. आणि सातने गुणलं की एकदम ९९९९९९, खेळ खल्लास.

सगळी गोम त्या सातात आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि शाळेतल्यासारखा १ भागिले ७ कागदावर मांडा. एकाला भाग जात नाही, शून्य घेतलं, दहा झाले, सात एके सात, बाकी ३. परत शून्य, तीस, सात चोक अठ्ठावीस, बाकी २. वीसला २ चा भाग, बाकी ६. साठला ८ चा, बाकी ४. चाळीसला ५ चा, बाकी ५. पन्नासला ७ चा, बाकी १, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उत्तर ०.१४२८५७१४२८५७... असं चालूच राहतं. आता बाक्या बघा, सातने भागताना शून्य सोडून १ ते ६ एवढ्याच बाक्या येऊ शकतात आणि त्या सगळ्याच्या सगळ्या एकाच फेरीत येऊन गेल्या. म्हणून २ भागिले ७ करताना नवीन काही घडतच नाही, गोल फिरणाऱ्या बसमध्ये पुढच्या स्टॉपवर चढावं तसं, जिथे बाकी २ होती तिथून आपण सुरू करतो आणि २८५७१४ मिळतं.

पिरॅमिडचं मात्र सोडून द्या. प्राचीन इजिप्तची अंकलेखनाची पद्धत आपल्यासारखी एकं-दहं-शतं अशी स्थानानुसार नव्हतीच, मग अंकांची जागा फिरवायची कुठून? हा सगळा खेळ दहाच्या पद्धतीचा आहे.

तसं तुम्हाला हा आकडा शाळेपासून भेटतोय, वर्तुळाच्या पायसाठी (π) आपण जे २२/७ घ्यायचो ते म्हणजे ३.१४२८५७१४२८५७..., खरा पाय ३.१४१५९ च्या वाटेने जातो, म्हणजे तिसऱ्या दशांशस्थळालाच फारकत.

प्रत्येक मूळ संख्येला हे जमत नाही. १३ घेतलात तर बाराच्या बारा बाक्या एका फेरीत येत नाहीत, सहा-सहाच्या दोन फेऱ्या पडतात, ०७६९२३ आणि १५३८४६. १७ ला जमतं, पण ती संख्या १६ अंकांची, ०५८८२३५२९४११७६४७, आणि सुरुवातीचं शून्य धरावंच लागतं. शून्याने सुरू न होणारी अशी संख्या दहाच्या पद्धतीत एकच, आपली १४२८५७. सातसारख्या मूळ संख्या (७, १७, १९, २३, २९...) अनंत आहेत का, हे मात्र अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

एक गंमत मला जास्त आवडते. वर्ग करा, २०४०८१२२४४९ येतो, त्याचे दोन तुकडे पाडा, २०४०८ आणि १२२४४९, बेरीज परत १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, देवळालीला शाळेत शिकवणारे आपले द. रा. कापरेकर, ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले, तेच हे.