जंतू तोच, मग त्रास कधी कमी कधी जास्त कसा?

प्रश्न: बाबांना ब्रॉन्किएक्टॅसिस आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावल्यात आणि त्यात कफ साचतो. बेडक्याच्या कल्चरमध्ये तिन्ही वेळा स्युडोमोनासच आला, पण दोनदा ते चांगले हिंडत-फिरत होते आणि तिसऱ्यांदा थेट ॲडमिट करावं लागलं. असं कसं? आणि लोहामुळे हा जंतू वाढतो असं वाचलं, मग त्यांच्या लोहाच्या गोळ्या बंद करू का?

उत्तर: गोळ्यांचं आधी सांगते, मनाने बंद करू नका, का ते पुढे कळेलच.

कल्चरमधून जंतूचं नाव कळतं, तो आत्ता आत काय करतोय ते नाही कळत. स्युडोमोनास सगळी विषं कायम बनवत नाही, भोवती काय आहे त्यावर ते ठरतं. लोहाचंच बघा, आपलं शरीर लोह बांधून ठेवतं म्हणजे जंतूंना ते सहज मिळू नये. जंतूत फर नावाचं एक प्रथिन असतं, लोह पुरेसं आहे तोवर ते काही जनुकं (जीन्स) दाबून धरतं, लोह आटलं की पकड सुटते आणि मग तो लोह ओढून आणणारं हिरवट-पिवळं पायोव्हर्डिन तर बनवतोच पण सोबत एक्झोटॉक्सिन ए पण, जे आपल्या पेशीतलं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. घटसर्पाचं विषही तिथेच घाव घालतं आणि तेही लोह कमी झालं की वाढतं, मला हे साम्य फार विलक्षण वाटतं. पण म्हणून लोह जास्त दिलं की झालं असंही नाही, कारण लोह मिळालं की हाच जंतू चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, नीट बांधतो आणि तिथे अँटिबायोटिक्सचं फारसं चालत नाही.

ऑक्सिजनचंही तसंच. हवेत तो 21 टक्के, पण घट्ट कफाच्या गोळ्यात आत जवळजवळ नसतोच. ऑक्सिजन कमी असला की स्युडोमोनास चक्क हायड्रोजन सायनाइड बनवतो, आणि जिथे ऑक्सिजन आहे तिथे निळं पायोसायनिन, ज्याने कफ वर ढकलणाऱ्या बारीक केसांची हालचाल मंदावते. शिवाय जंतूंची गर्दी किती झालीय हे त्यांना एकमेकांच्या रासायनिक खुणांवरून कळतं आणि बरीचशी विषं गर्दी झाल्यावरच सुटतात.

म्हणून कफ रोज निघणं, फिजिओथेरपी, नेब्युलायझर, हे मला औषधांइतकंच महत्त्वाचं वाटतं, साचलेला कफ म्हणजे गर्दीला आयती जागा. कफ वाढला, रंग बदलला, ताप किंवा दम वाढला तर जुन्या रिपोर्टवर थांबू नका, डॉक्टरांना लगेच दाखवा आणि नवीन सॅम्पल द्या. लोहाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा, सोबत हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट न्या.