‘विकलेला माल परत नाही’ आणि तुमच्या हातातले अकरा दिवस

प्रश्न: मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५०चा मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम एकाच बिलावर ४१,३०० रुपयांना घेतल्या. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा पॉवर सप्लाय) आणि कॅबिनेट नाशिकमध्ये रोखीने घेतले, त्याचे बिल नाही. जोडणी घरी स्वतः केली. विंडोज ११ टाकताना मशीन कधी ३० तर कधी ७० टक्क्यांवर हँग होते. पेनड्राइव्ह आणि एसएसडी बदलूनही तेच. दुकानदार म्हणतो, जोडणी तुमची, आमची जबाबदारी नाही, आणि बिलावर छापलेच आहे की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. खरेदीला १९ दिवस झाले. ग्राहक न्यायालयात जाऊ का?

उत्तर: न्यायालयाचे नंतर बघू. उरलेल्या ११ दिवसांत तुम्ही दुकानदाराच्या हातात लेखी काय देता, यावर तुमचे प्रकरण उभे राहील किंवा पडेल.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(४७) अनुचित व्यापारी प्रथा म्हणजे काय ते सांगते. त्याच्या आठव्या उपखंडानुसार सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अशी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर छापलेली मुदत लागू होते, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस. तुमच्या बिलावर ‘परत घेतला जाणार नाही’ असे आहे, पण दिवसांची मुदत कुठेच नाही. सरसकट नकार म्हणजे मुदत नव्हे, त्यामुळे ३० दिवस लागू होतात असे माझे ठाम मत आहे. हे दिवस नेमके कोणत्या तारखेपासून मोजायचे ते कलमात स्पष्ट नाही. बिलाच्या तारखेपासून मोजा, म्हणजे त्यावर वाद घालायला जागा उरणार नाही.

पत्रात फोनवरच्या बोलण्याचे सगळे तपशील तुम्ही दिलेत, पण दुकानदाराला लेखी एक ओळही पाठवलेली दिसत नाही. अशा आशयाची जी पत्रे येतात त्यांतल्या बहुतेकांची हीच गत असते. १९ दिवस तोंडी बोलण्यात गेले, आणि त्यांतल्या एकाही दिवसाचा पुरावा तुमच्याकडे नाही.

आता ‘सदोष’ या शब्दाकडे या. दुकानदाराने तुम्हाला कॉम्प्युटर विकलेला नाही, तीन सुटे भाग विकले. ‘कॉम्प्युटर हँग होतो’ अशी तक्रार कराल तर तो सहज म्हणेल की कॉम्प्युटर तुम्ही बनवला. तक्रार अमुक सिरियल नंबरच्या अमुक भागाबद्दल हवी. म्हणून आधी चाचणी करा, आणि ती अशी करा की दुसऱ्या बाजूला बोट ठेवायला जागा राहू नये.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, सगळ्या सेटिंग मूळ स्थितीवर आणा आणि एक्स्पो, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करा. तुम्ही पहिल्याच दिवशी तो चालू केला असे लिहिले आहे. रायझन बनवणारी एएमडी कंपनी आपल्या वॉरंटीत एक्स्पोलाही ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) धरते आणि त्यावरून वॉरंटी नाकारू शकते. एक्स्पो बंद केल्यावर हँग होणे थांबले, तर हे प्रकरण पुढे नेऊ नका, रॅम मूळ वेगावर चालवा. मूळ सेटिंगवरही हँग झाले तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. एक्स्पो चालू केल्याचे मात्र लपवू नका. दुकानदाराने उलटतपासणीत ते बाहेर काढले तर तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

मग वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर काढा, ७६०० प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहे. बायोसमध्ये नुसते थांबून तापमान बघा. तिथेच ते ८५ अंशांच्या पुढे जात असेल तर हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) नीट बसलेला नाही, आणि तो दोष जोडणीचा, म्हणजे तुमचा. एसएमपीएसची शंका तर काढलीच पाहिजे, कारण ‘बिनबिलाच्या सप्लायने आमचा बोर्ड उडवला’ हे दुकानदाराचे पहिले वाक्य असेल. दुसऱ्याच्या चालू मशीनमधला चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा सप्लाय एका दिवसासाठी मागून आणा.

पुढे मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर टाका. एकच रॅम ए२ स्लॉटमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजता दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा आणि चाचणीचे चार पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. त्याला रात्र लागेल. मग दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये लावून तेच करा, आणि शेवटी दोन्ही आळीपाळीने बी२ स्लॉटमध्ये, म्हणजे चौथ्यात. चुका एका रॅमसोबत फिरल्या तर ती रॅम सदोष. रॅम कोणतीही असो, चुका एकाच स्लॉटला येत असतील तर दोष बोर्डात किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये (रॅम हाताळणाऱ्या भागात). चूक एकही नाही आणि तरी हँग होते, असे झाले तर नेमका भाग सांगणे अवघड होते, आणि तेव्हा अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, म्हणजे तपासणीची लेखी नोंद, मिळवावीच लागेल. जुना बायोस हेही अशा हँगचे नेहमीचे कारण आहे. पण अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो, आणि दोष तुमच्यावर येतो. ते काम दुकानदाराकडून लेखी करून घ्या. प्रत्येक चाचणीच्या पडद्याचा तारखेसह फोटो हवा.

तुमच्या बोर्डावरच्या एएम५ सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचेच्या, पिना बोर्डावर असतात. एक जरी वाकली तरी ‘ग्राहकाने केलेले नुकसान’ या कलमाखाली वॉरंटी नाकारतात, आणि तुम्ही बोर्ड पाठवल्यानंतर त्या कधी वाकल्या हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. बोर्ड देण्यापूर्वी सॉकेटचे जवळून फोटो आणि सिरियल नंबरपासून पिनांपर्यंत न थांबता घेतलेला एक व्हिडिओ काढा. सॉकेटचे प्लॅस्टिकचे झाकण बसवा. ते फेकले असेल तर शोधा, त्याशिवाय अनेक कंपन्या बोर्ड स्वीकारत नाहीत. स्थानिक दुरुस्तीवाल्याला आता हात लावू देऊ नका.

नोटीस साधी पण पूर्ण हवी: बिल क्रमांक आणि तारीख, भाग, सिरियल नंबर, चाचणीचा निकाल, मागणी परताव्याची किंवा बदलून देण्याची, उत्तराला १५ दिवस. स्पीड पोस्टने पाठवा आणि ईमेल व व्हॉट्सअ‍ॅपवरही द्या. एक प्रत बोर्डाच्या आयातदाराला जाऊ द्या, त्याचे नाव-पत्ता खोक्यावर असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. काही दुकानदार तेवढ्यानेच नमतात.

बाकीच्या गोष्टी तुमच्या कागदांवर अवलंबून आहेत. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयात, करता येते, कारण तुम्ही तिथे राहता. ५ लाखांपर्यंत फी नाही. वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ती पुरेशी आहे. बिल कोणाच्या व्यवसायाच्या जीएसटी क्रमांकावर असेल तर ‘व्यापारी हेतू’चा आक्षेप येईल, स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतले असेल तर सूट आहे, पण ती पटवावी लागेल. आयोगाने माल तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला तर फी तुम्हाला भरावी लागते. कायदा म्हणतो, तपासणी असलेले प्रकरण ५ महिन्यांत निकाली निघावे. हे वेळापत्रक प्रत्यक्षात फार वेळा पाळले जात नाही, आणि ४१,३०० रुपयांसाठी सामान्य माणसाला तारखांमागे फिरावे लागते याचा मला संताप येतो. दुकानदाराच्या लेखी उत्तराबाबत मात्र ताकीद स्पष्ट आहे: ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे आयोगालाही वेळ देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी आधीच्या कायद्याखाली ठरवले आहे.

दुकानदाराने मधेच फक्त बोर्ड बदलून देतो म्हटले तर घ्या, पण जुन्या बिलावर नवा सिरियल नंबर आणि बदलल्याची तारीख त्याच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्या. जॉबशीटवर सही करण्यापूर्वी ‘बाह्य स्थिती’चा रकाना वाचा. तिथे ‘पिना वाकलेल्या’ किंवा नुसते ‘फिजिकल डॅमेज’ लिहिले असेल तर सही करू नका, आणि व्हिडिओ तिथेच दाखवा.